डाग आणि वण

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले आणि ओसरताना गाळ मागे ठेवून गेले. त्या गाळातून निघालेली एक तसबीर काही महिन्यांनी माझ्याकडे आली. जुनी छायाचित्रे दुरुस्त करणे हे माझे काम. तसबिरीत नऊवारी नेसलेली एक तरुण बाई खुर्चीवर बसलेली; छायाचित्र १९४०च्या आसपासचे. तिची मुलगी आता ऐंशीच्या पुढची. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि आईचे एवढे एकच छायाचित्र घरात होते.

माझ्याकडे येण्यापूर्वी नातवाने हौसेने एक प्रयोग केला होता. तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढून तो चेहरे दुरुस्त करणाऱ्या एका ॲपला दिला. काही सेकंदांत स्वच्छ, टवटवीत चेहरा समोर आला. घरातले सगळे खूश झाले. आजींनी ते चित्र हातात घेतले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, "ही कोण रे?"

"आजी, तुझी आई."

"छे! आईच्या तोंडावर देवीचे वण होते."

ॲपने बुरशीच्या डागांबरोबर वणही पुसून टाकले होते. नातवाला तरी काय दोष द्यायचा? १९७५नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. वणांचा चेहरा त्याच्या पिढीने पाहिलेलाच नाही. त्याच्या लेखी गालावरचे ते ठिपके म्हणजे पुराचीच करणी होती.

डाग कोणता आणि वण कोणता, हे ठरवायचे कसे? त्यासाठी छायाचित्र ही वस्तू म्हणून काय असते, ते पाहावे लागते. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रात खाली कागद असतो, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि त्यावर जिलेटिनचा पातळ पापुद्रा. चित्र असते ते या जिलेटिनमध्ये अडकलेल्या चांदीच्या सूक्ष्म कणांचे. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, म्हणून बुरशी आणि कसर दोघींनाही ते आवडते. पाण्यात ते फुगते, मऊ होते आणि वाळताना ज्याला टेकलेले असेल त्याला चिकटते. पुरातल्या तसबिरी काचेला घट्ट बसतात त्या यामुळे. फोटो ओला असेपर्यंत चौकटीतून सोडवता येतो. वाळून चिकटल्यावर ओढला, तर चांदीसकट चेहरा काचेवर राहतो. अशा वेळी काचेसकट त्याची प्रत घ्यावी, हेच शहाणपणाचे.

या तसबिरीत साडीचा भाग काचेला चिकटला होता; वरची काच मात्र फुटून पडल्याने चेहरा मोकळा होता. मी खोलीत अंधार केला आणि फोटोच्या एका कडेला, जवळजवळ कागदाच्या पातळीवर, दिवा ठेवला. तिरप्या उजेडात पृष्ठभागाचे उंचसखल दिसू लागते. जिथे बुरशीने जिलेटिन खाल्ले होते, तिथली चकाकी गेली होती आणि कडा वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. असे डाग गालावर होते, तसेच मागच्या पडद्यावरही होते. गालांवरच्या काही ठिपक्यांवर मात्र पृष्ठभाग अखंड, गुळगुळीत होता. म्हणजे ते ठिपके कागदावर पडलेले नव्हते, चित्रातच होते.

दुसरा पुरावा सावलीचा. स्टुडिओतला उजेड चित्राच्या डावीकडून आला होता, कारण नाकाची सावली उजवीकडे पडली होती. खळग्याचे याच्या उलट असते. डावीकडून उजेड आला, तर खळग्याची डावी कड अंधारात राहते आणि उजवी उजळते. त्या गुळगुळीत ठिपक्यांपैकी प्रत्येकाची डावी बाजू काळसर होती. बुरशीला स्टुडिओतला दिवा कुठे होता हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मी चेहऱ्यावरच्या खुणांचा नकाशा काढला: एकोणीस वण, बाकीचे डाग.

ॲपला हा फरक कळत नाही, कारण ते मूळ चेहरा शोधतच नसते. असंख्य चेहरे पाहून 'असा चेहरा साधारण कसा असतो' हे ते शिकलेले असते आणि जिथे तपशील कमी पडतो तिथे त्या सरासरीतून भर घालते. रंग भरतानाही तेच. जुन्या अनेक काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत; त्यांच्यावर लाल कुंकू काळे उमटे आणि निळे वस्त्र फिकट. काळ्या दिसणाऱ्या साडीचा खरा रंग लाल असू शकतो. तो सांगायला माणूसच लागतो.

माणसाच्या हातानेही चेहरे बदलले आहेत, हेही मान्य करायला हवे. स्टुडिओतले कारागीर काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि वण बुजवत. त्यामुळे जुन्या फोटोत वण नसले, तर ते माणसाला नव्हतेच असे म्हणता येत नाही. या फोटोत ते राहिले आहेत, म्हणून ते जपायचे.

मी १२०० डीपीआयला प्रत घेतली, ती तशीच वेगळी ठेवली आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर, स्वतंत्र थरांत केली; म्हणजे पुढे कुणालाही माझे काम पुसून मूळ पाहता येईल. भेगा सांधल्या, पडद्यावरचे आणि गालांवरचे बुरशीचे डाग काढले. डाव्या भुवईचे टोक बुरशीने पूर्ण खाल्ले होते. तिथे भुवई काढणे पाच मिनिटांचे काम होते. मी ती काढली नाही. आजूबाजूच्या छटेचा करडा रंग भरला, डोळ्याला खुपू नये एवढाच. काय दुरुस्त केले आणि काय सोडले, ते छापील प्रतीच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिले.

आजींनी प्रत उजेडात धरली. गालावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मांडीवर बसून मी हे मोजायची. वीसपर्यंत आकडे तिथंच शिकले." मग भुवईपाशी थांबून त्यांनी सांगितले, की ती टोकाला किंचित वर जायची. तेही मी पाठीमागे लिहून घेतले.

घरात जुना, खराब झालेला फोटो असेल, तर यंत्रापुढे ठेवण्याआधी तो घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे ठेवा. फोटोतला कागद आणखी काही वर्षे टिकेल. वण ओळखणारे माणूस तेवढे थांबेलच असे नाही.