चित्रांतील माणूस आणि मागची पार्श्वभूमि

छायाचित्रांतील व्यक्तीभोंवतालची भिंत, खिडकी, झाडें हीं सर्व क्षणांत दूर सारून व्यक्ति तेवढी वेगळी काढून देणारीं साधनें आज घरोघरच्या मोबाईलमध्यें आलीं आहेत. हें काम यंत्र कसें करतें व त्याच्यावर कितपत विसंबावें, याविषयीं वाचकांस थोडी माहिती द्यावी असें आम्हांस वाटतें.

संगणकास चित्रांत माणूस दिसत नाहीं. त्याच्यापुढें असते ती बारीक ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलांची जाळी. आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आंकड्यांनीं सांगितलेला असतो. त्या लाखों ठिपक्यांपैकीं माणसाचे कोणते व भिंतीचे कोणते, हाच काय तो प्रश्न.

सर्वांत सोपी रीत तांदूळ निवडण्यासारखी आहे. पांढऱ्या तांदळांतील काळा खडा चटकन् डोळ्यांत भरतो. उजळ व काळसर यांमधील सीमा संगणकानें आपली आपण ठरवावी, अशी एक रीत जपानचे नोबुयुकी ओत्सु यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केली. कागदावरील शाईचीं अक्षरें वेगळीं काढण्यास ती उत्तम. परंतु खडाहि पांढराच असला म्हणजे? पांढऱ्या भिंतीपुढें पांढरा सदरा घातलेले गृहस्थ उभे असतील, तर केवळ उजळपणावरून निवाडा होत नाहीं.

२००४ सालीं केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंतील रोदर, कोल्मोगोरोव्ह व ब्लेक यांनीं ‘ग्रॅबकट’ नांवाची रीत मांडली. तींत मनुष्यानें आकृतीभोंवतीं एक चौकट तेवढी आखावयाची. चौकटीबाहेरचें तें सर्व पार्श्वभूमि, हें गृहीत. आंतील प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणत्या पक्षाशीं जुळतो हें यंत्र पाहतें. शिवाय शेजारचे ठिपकेहि विचारांत घेतें. त्याच्या हिशेबीं सारख्या रंगाच्या शेजाऱ्यांची ताटातूट महाग, भिन्न रंगांच्या शेजाऱ्यांची स्वस्त. ज्या रेषेनें कापल्यास एकंदर खर्च सर्वांत कमी पडतो, ती रेषा तें पसंत करतें.

पुढें, माणसांनीं कडा आखलेलीं असंख्य चित्रें दाखवून यंत्रास शिकविण्याची पद्धत रूढ झाली. २०२३ सालीं मेटा कंपनीनें १ कोटी १० लाख चित्रें व त्यांवरील १०० कोटींहून अधिक आकृत्यांच्या कडा प्रसिद्ध केल्या. त्यांतील बहुतेक कडा यंत्रानेंच आखल्या होत्या.

तरीहि केसांची उडती बट अजून अवघडच. तेथें एकाच ठिपक्यांत अर्धा केस व अर्धी भिंत असते. म्हणून अशा ठिपक्यास ‘हा’ किंवा ‘तो’ न म्हणतां, ‘इतका हिस्सा केसाचा’ असें शून्य ते एक यांमधील मापानें सांगावें लागतें.

परंतु याहून मोठी अडचण गणिताची नव्हे. पुढचें महत्त्वाचें व मागचें टाकाऊ, असें सामान्यतः यंत्र धरून चालतें. जुन्या वाड्यांत काढलेल्या कुटुंबाच्या चित्रांत मंडळी पुढें बसलेली असतात, आणि एखादी सोवळ्यांतील आत्याबाई मागच्या दारांत अर्धवट आडोशाला उभी असते. कित्येकदां तिचें तेवढेंच चित्र घरांत असतें. यंत्र तिला भिंतीबरोबर पुसून टाकूं शकतें. नातें त्यास कसें कळावें?

यास्तव आमची सूचना इतकीच कीं, असले प्रयोग प्रतीवर करावे, मूळ चित्रास हात लावूं नये. आणि कातरलेलें चित्र आल्बमांत घालण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांस एकदां मूळ चित्र दाखवून, मागें कोण उभें आहे तें विचारून लिहून ठेवावें.