औषधनिर्माणशास्त्राचे दार आणि सतरावे वर्ष

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील घराघरांतून एकच विचारविनिमय सुरू होतो. वैद्यकीय महाविद्यालयाची जागा मिळाली तर प्रश्नच नाही. ती हुकली तर काय, या प्रश्नाला गेली अनेक वर्षे एक ठरीव उत्तर दिले जाते : 'मग फार्मसी.' हे उत्तर देणारा बहुधा बाप असतो, मामा असतो किंवा शेजारचा जाणता गृहस्थ असतो. ज्याने पुढची चाळीस वर्षे त्या उत्तरासह काढायची तो मुलगा किंवा ती मुलगी मात्र त्या वेळी गप्प असते. सतराव्या वर्षी आयुष्याचा व्यवसाय निवडावा की निवडू नये, आणि निवडलाच तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला आज विचारात घ्यावासा वाटतो.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रथा अभ्यासण्याजोगी आहे. तेथे औषधनिर्माणशास्त्राची व्यावसायिक पदवी 'डॉक्टर ऑफ फार्मसी' ही होय. तिचा मूळ क्रम असा की, शालान्त शिक्षणानंतर विद्यार्थ्याने किमान दोन वर्षे रसायन, जीवशास्त्र, गणित इत्यादी विषयांचा पूर्वाभ्यास करावयाचा, त्यानंतर फार्मसीच्या विद्यालयात नव्याने अर्ज करावयाचा आणि तेथे चार वर्षे काढावयाची. मात्र तेथील अनेक विद्यापीठे शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यालाच सहा वर्षांच्या सलग अभ्यासक्रमात घेतात. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठ व न्यूयॉर्कमधील सेंट जॉन्स विद्यापीठ ही त्यांतील ठळक नावे. इतर काही ठिकाणी विद्यार्थी पूर्वाभ्यासाची दोन वर्षे करीत असतानाच त्याच्यासाठी व्यावसायिक वर्गातील जागा राखून ठेवलेली असते.

ही प्रथा का रुजली, याचे उत्तर त्या व्यवसायाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील पहिले फार्मसी महाविद्यालय १८२१ साली फिलाडेल्फियात औषधविक्रेत्यांनीच काढले. बाजारात येणाऱ्या औषधांचा दर्जा आणि ती देणाऱ्यांचे अज्ञान यांची चिंता त्यांना लागून राहिली होती. दिवसा दुकानात उमेदवारी आणि संध्याकाळी व्याख्याने असा त्या काळचा क्रम होता. पुढे औषधे वाढली, त्यांची गुंतागुंत वाढली आणि शिक्षणही लांबत गेले. १९३२ पासून चार वर्षांची पदवी, १९६० पासून पाच वर्षांची पदवी आणि २००० सालापासून नवीन विद्यार्थ्यांना फक्त डॉक्टर ऑफ फार्मसी, अशी ती चढण आहे. वाट लांबली की वाटसरू गळतात. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा अनिश्चितता, एवढ्या उंबरठ्यांवर अनेक मुले दुसरीकडे वळणार हे उघड होते. त्या गळतीला घातलेला बांध म्हणजे हा आगाऊ प्रवेश.

या प्रथेचे गुण मान्य केले पाहिजेत. ज्याचे मन खरोखरच ठरले आहे अशा विद्यार्थ्याला ती निश्चिंत करते. परीक्षेच्या धास्तीने पाठांतर करण्याऐवजी तो विषय समजून घेऊ शकतो. पालकांना खर्चाचा अंदाज सहा वर्षे आधी बांधता येतो. मध्यम स्थितीच्या कुटुंबाला हा लाभ लहानसहान नव्हे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गेल्या पाव शतकात अमेरिकेत फार्मसीची विद्यालये झपाट्याने वाढली. आज त्यांची संख्या एकशेचाळीसवर आहे. जागा वाढल्या आणि गेल्या दशकात अर्ज घटले. प्रवेशासाठी वर्षानुवर्षे घेतली जाणारी 'पीकॅट' ही परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली. औषध दुकानांच्या मोठमोठ्या साखळ्यांनी शेकडो दुकाने मिटली आणि त्यांतील 'राइट एड' ही जुनी साखळी तर २०२५ मध्ये पूर्णपणे लयाला गेली. अशा वेळी शाळकरी मुलाला आगाऊ दिलेले आश्वासन हे त्याच्या हितासाठी आहे की विद्यालयाच्या रिकाम्या बाकांसाठी, असा संशय कोणी घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. विद्यार्थ्याला जागेची गरज असते तेव्हा प्रवेश ही परीक्षा असते. जागेलाच विद्यार्थ्याची गरज पडली की तोच प्रवेश गिऱ्हाईक गाठण्याचा उद्योग बनतो.

तरीही एक गोष्ट तेथे कटाक्षाने पाळली जाते आणि ती आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आगाऊ प्रवेश विनाअट नसतो. पूर्वाभ्यासात ठरावीक गुणांची पातळी टिकवावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी मुलाखतही द्यावी लागते. विद्यार्थी कमी पडला तर राखून ठेवलेली जागा जाते. मन बदललेच तर केलेला शास्त्रविषयांचा अभ्यास घेऊन त्याला दुसऱ्या शाखेकडे वळता येते. दार लवकर उघडते, पण आतून कडी लावली जात नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात 'आगाऊ प्रवेश' असा शब्दप्रयोग नाही, कारण येथे प्रत्येक प्रवेश आगाऊच असतो! बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, चार वर्षांची पदवी, किंवा २००८ च्या विनियमांनी सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम, या तिन्ही वाटा सतरा-अठराव्या वर्षी सुरू होतात. फार्म.डी.च्या नियमांत तर प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण असावीत, असे वयच नमूद आहे. म्हणजे अमेरिका जे निवडक मुलांना सवलत म्हणून देते ते आपण सर्वांना सरसकट देतो. मात्र त्यासोबतच्या अटी आणि परतीची वाट आपण देत नाही. पहिल्या वर्षी ज्याच्या लक्षात आले की हे आपले क्षेत्र नव्हे, त्याला वर्ष आणि शुल्क दोन्ही गमावून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. म्हणून तो राहतो, रेटतो आणि कसाबसा पदवी घेऊन बाहेर पडतो. अशा अनिच्छेने घडलेल्या फार्मासिस्टच्या हाती आपण आपल्या मुलाबाळांची औषधे सोपवतो.

हा केवळ शिक्षणाचा प्रश्न नाही, जीवनमरणाचा आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने त्या प्रकरणातील भ्रष्टता आणि बेपर्वाई चव्हाट्यावर आणली. तेच विष २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या चिमुकल्यांच्या खोकल्याच्या औषधात आढळले. कारखान्यातला रसायनतज्ज्ञ, खरेदी विभागातला अधिकारी, रुग्णालयाच्या औषधभांडारातला फार्मासिस्ट, या साखळीतील एका माणसाने जरी 'हे मी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही' असे म्हटले असते, तर कित्येक घरांतले दिवे विझले नसते. असे म्हणण्याची हिंमत केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही. आपल्या व्यवसायाविषयी अभिमान असावा लागतो आणि 'मेडिकल मिळाले नाही म्हणून' आलेल्याला तो सहसा नसतो.

गोव्याला या विषयाची ओळख नवी नाही. १८४२ साली स्थापन झालेल्या एस्कोला मेदिको-सिरुर्जिका या विद्यालयात वैद्यकाबरोबर औषधविद्येचेही शिक्षण दिले जाई आणि 'फार्मासिया' ही पाटी गोव्याच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे. मुक्तीनंतर, १९६३ साली, गोवा कॉलेज ऑफ फार्मसी पणजीत उभे राहिले. आज वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत देशविदेशांना औषधे पुरवणारे कारखाने आहेत. तेव्हा गोमंतकीय मुलाने हे क्षेत्र निवडावे याचे आम्हाला समाधानच वाटेल. फक्त ते त्याने निवडावे. ते त्याच्या वाट्याला येऊ नये.

यासाठी काय करता येईल? पहिली गोष्ट अशी की, ओळख आधी आणि प्रवेश नंतर हा क्रम लागला पाहिजे. उच्च माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला सुटीत आठ-पंधरा दिवस एखाद्या रुग्णालयाच्या औषधविभागात, एखाद्या कारखान्याच्या गुणवत्ता-प्रयोगशाळेत, गावातल्या चांगल्या औषधालयात उभे राहून काम पाहू द्यावे. जो तेथे रमला त्याने खुशाल अर्ज करावा. शाळा, महाविद्यालय आणि उद्योग यांनी मनावर घेतले तर याला नवा कायदा लागत नाही, की मोठा पैसाही लागत नाही. दुसरी गोष्ट, पहिले वर्ष हे कसोटीचे वर्ष मानावे. ज्याला नको वाटेल त्याला त्या वर्षाच्या रसायनशास्त्राचे व जीवशास्त्राचे श्रेय घेऊन विज्ञान शाखेत सन्मानाने जाता यावे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अनेक प्रवेश आणि अनेक निर्गम यांची भाषा करते. ती कागदावरून वर्गात उतरवायला याहून योग्य जागा कोणती?

तिसरी गोष्ट उशिरा येणाऱ्यांची. पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, बी.फार्म. झालेल्याला तीन वर्षांत फार्म.डी. होता येते. ही दोन्ही दारे मोलाची आहेत. सतराव्या वर्षी ज्याला स्वतःचे मन कळले नाही त्याला बाविसाव्या वर्षी ते कळू शकते. आगाऊ दार उघडताना उशिराचे दार अरुंद होता कामा नये.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट समाजाची. पदविकेसाठी कमीत कमी पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण नियमाने सक्तीचे आहे. ते काही ठिकाणी केवळ सहीशिक्क्यावर पार पडते, हे उघड गुपित आहे. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र दुकानात टांगलेले आणि तो स्वतः भलतीकडे, हा प्रकारही देशात नवा नाही. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. २०१५ चे विनियम तर रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरवतात. आपण मात्र काउंटरवर उभे राहून 'लवकर द्या हो' एवढेच म्हणतो. ज्या व्यवसायाला गिऱ्हाइकाने फक्त बाटली देणारा हात मानले, त्या व्यवसायाकडे गुणी मुले आपणहून का यावीत? त्याला प्रश्न विचारा, गोळी केव्हा घ्यावी, कशाबरोबर घेऊ नये ते त्याच्याकडून ऐकून घ्या. मान देऊन पाहा. मानाला पात्र माणसे आपोआप पुढे येतील.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलाचा अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस त्याला घेऊन एखाद्या विश्वासू फार्मासिस्टकडे बसा. त्याचे काम, त्याची जोखीम, त्याचे समाधान, त्याचा पगार, सारे मोकळेपणाने विचारा. नंतर मुलाला बोलू द्या. त्याने होकार दिला तर सतरावे वर्ष लवकर ठरत नाही. त्याने मान खाली घातली, तर राखून ठेवलेली जागासुद्धा त्याची नव्हे, हे ओळखण्याचे शहाणपण वडिलधाऱ्यांनी दाखवावे.