आज्या संसदेत जातात तेव्हा

नातवंडे सांभाळणे हे आपल्याकडे उतारवयातले सुख मानले जाते. परंतु मुलगा गेला, सून गेली आणि मागे राहिलेली चार-पाच लेकरे सत्तरीतल्या एकट्या बाईच्या गळ्यात पडली, तर त्या सुखाचा अर्थच पालटतो. एड्सच्या साथीने आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागांत अशी असंख्य घरे निर्माण केली. जिची शुश्रूषा इतरांनी करावी, तीच पुन्हा आई झाली. तीही स्वतःच्या लेकरांना मूठमाती देऊन.

औषधे नव्हती असे नाही. १९९६ पासून तिहेरी औषधोपचाराने श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने घटू लागले होते. मात्र त्याचा वार्षिक खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा ही किंमत औषधापेक्षा पेटंटची अधिक होती, हे उघड झाले.

कॅनडाने २००४ मध्ये एक कायदा केला. पेटंट असलेल्या औषधांच्या स्वस्त आवृत्त्या देशी कंपन्यांनी बनवून गरीब देशांना पाठवाव्यात, हा त्याचा हेतू. हेतू उदात्त, वाट मात्र काटेरी! प्रत्येक देशासाठी, ठरावीक मात्रेसाठी वेगळा परवाना, आणि त्याची मुदत दोनच वर्षे. परिणामी हा कायदा एकदाच उपयोगी पडला. टोरांटोच्या अपोटेक्स कंपनीने रवांडाला एड्सवरील गोळ्या पाठवल्या. सुमारे २१,००० रुग्णांना वर्षभर पुरतील इतक्या त्या गोळ्यांची पहिली खेप निघायला सप्टेंबर २००८ उजाडला.

याच सुमारास कॅनडातल्या आज्या या कहाणीत येतात. संयुक्त राष्ट्रांचे आफ्रिकेतील एड्सविषयक विशेष दूत स्टीफन लुईस यांच्या प्रतिष्ठानाने मार्च २००६ मध्ये ‘आजींकडून आजींना’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम सुरू केली. ऑगस्टमध्ये टोरांटोत सुमारे शंभर आफ्रिकी आणि दोनशे कॅनेडियन आज्या एकत्र बसल्या. गावोगावी गट निघाले. हातकामाच्या वस्तू विकून निधी जमू लागला. त्यांत निवृत्त शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या. वही नीट ठेवणे आणि पाठपुरावा न सोडणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असाव्यात.

नुसत्या निधीने भागणार नाही, कायदाच सुधारला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. मग उतारवयात त्या पेटंटचा कायदा शिकल्या. त्यांनी अर्जांवर सह्या गोळा केल्या, आपापल्या मतदारसंघातल्या खासदारांना पत्रे लिहिली, भेटी मागितल्या. मागणी एकच होती आणि ती कोणालाही समजेल अशी होती: एका औषधासाठी एकच परवाना पुरावा.

९ मार्च २०११ रोजी हे विधेयक कनिष्ठ सभागृहात १७२ विरुद्ध १११ मतांनी संमत झाले. ते सेनेटपुढे असतानाच, अवघ्या सतरा दिवसांनी संसद विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले. आज्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. २८ नोव्हेंबर २०१२ रोजी तशाच नव्या विधेयकावर मतदान झाले. बाजूने १४१, विरुद्ध १४८. चार खासदारांनी मन बदलले असते, तर चित्र वेगळे दिसले असते.

स्वस्त औषधे भारतातून मिळतच आहेत, मग हा खटाटोप कशाला, असे विरोधक विचारीत. या म्हणण्यात तथ्य होते. परंतु औषधासाठी अवघ्या जगाने एकाच देशाच्या कारखान्यांकडे डोळे लावून बसावे, हे शहाणपणाचे नव्हे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. घरात रोजच्या गोळ्यांचा डबा भरणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. एका दुकानात गोळी मिळाली नाही, तर दुसरे दुकान उघडे असावे लागते.

पराभवानंतर या आज्या घरी बसल्या नाहीत. त्यांची स्वतंत्र संघटना आजही कॅनडाच्या सरकारकडे औषधांच्या उपलब्धतेचा पाठपुरावा करते. वृद्धांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय करार व्हावा, ही मागणीही त्यांनी पुढे हाती घेतली. त्यासाठी जगभरातल्या कित्येक संस्था झटत होत्या. एप्रिल २०२५ मध्ये जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने त्या कराराचा मसुदा तयार करण्यासाठी कार्यगट नेमण्याचे ठरवले.