यंत्र जुनं, कारभारी नवा

(कान्हे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालणं, हा विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाने का घेतला, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेची जी डागडुजी दर महिन्याला आपोआप होत होती, ती थांबली. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची मुदतवाढ देऊ केली होती, एवढंच. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो नसला की चांगलं चालणारं यंत्रही ‘जुनं’ ठरतं. आता ‘जुनं’ म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे की नाही?

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते बघू. आपलं कान्हे स्टेशन घ्या. रूळ, फलाट, सिग्नल ही झाली यंत्रसामग्री. लोकल, मालगाडी, न थांबता धडधडत जाणारी एक्सप्रेस हे झाले आपले प्रोग्रॅम. कुठली गाडी कधी सोडायची, कुणाला थांबवायचं, हे स्टेशनमास्तर बघतो. तो स्वतः एकही प्रवासी वाहून नेत नाही, पण तो नसेल तर दोन गाड्या एकाच रुळावर येतील. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हा मास्तर. रूळ तेच ठेवून मास्तर बदलता येतो, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा.

दुसरा मास्तर कोण? लिनक्स. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याचा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. दोन्ही मिळून जे उभं राहिलं, त्याची उबुंटू, मिंट अशी अनेक रूपं आज फुकट मिळतात. ज्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, तिनेही ‘बॉस’ नावाचं भारतीय रूप काढलं. मिंट घेतलं तर ४ जीबी रॅमच्या संगणकावर व्यवस्थित चालतं.

आता कृती. पहिली पायरी, प्रत. आपले फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही वेगवेगळी प्रमाणं आहेत. ‘कॉपी झाली असणार’ हे अनुमान. दुसऱ्या संगणकावर ती फाईल उघडून बघणं हे प्रत्यक्ष. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानायचा. एरवी त्याच्याशी वाद घाला, पण बॅकअपच्या बाबतीत त्याचंच ऐका.

दुसरी पायरी खास मराठी माणसासाठी आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे कित्येक वर्षं श्री-लिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये टायपिंग झालं. संस्थांची इतिवृत्तं, गावच्या उत्सवाचे जमाखर्च, कुणी आजीच्या ओव्या उतरवून ठेवल्या, त्याही. या जुन्या फायलींत बहुतेक वेळा देवनागरी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या सिस्टिममध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर चिन्हांचा नुसता काला दिसतो. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे ‘क’ चा स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. फॉन्ट कुठलाही असो, ‘क’ हा ‘क’ च राहतो.

इथून जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब आठवा. दात्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दगड टिकला, अक्षरं टिकली. पण लिपीची किल्ली हरवली होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तोवर शेकडो वर्षं असे लेख लोकांच्या डोळ्यांसमोर असून मुकेच होते. आपल्या जुन्या फायलींचं हेच होऊ शकतं, आणि त्याला शेकडो वर्षं लागणार नाहीत, एक दुपार पुरेल. म्हणून जुनी सिस्टिम चालू आहे तोवर त्या फायली उघडा, युनिकोडमध्ये बदलून घ्या, शिवाय मूळ रूपाची पीडीएफ ठेवा. दोन्ही शेजारी ठेवून जोडाक्षरं आणि रफार तपासा. चुका तिथेच होतात.

तिसरी पायरी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाईल उतरवा आणि रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हेही लक्षात ठेवा.

चौथी. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा. कंपनीनुसार कळ बदलते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. आता नवी सिस्टिम डिस्कला हात न लावता चालते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं इथेच तपासा. लग्नाआधी घर बघून यावं, तसं.

पाचवी, प्रत्यक्ष बदल. दोन मुख्य पर्याय दिसतात: जुन्याच्या शेजारी नवी बसवणं किंवा डिस्क पुसून बसवणं. दुसरा पर्याय दाबण्याआधी बॅकअपची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा, म्हणजे चुकूनही ती पुसली जाणार नाही. लॅपटॉपला चार्जर लावा. आपल्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस असल्याशिवाय हे काम जुलैत काढू नये.

एक प्रश्न आला आहे: “सर, दुकानदार हे सगळं करून देतो, मग आपण कशाला शिकायचं?” जरूर त्याच्याकडून करून घ्या. पण तीन गोष्टी त्याच्यावर सोडू नका. प्रत कुठे आहे, कुठली डिस्क पुसली जाणार आहे आणि पासवर्ड कुणाकडे राहणार आहे. यंत्र दुरुस्तीला देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

आणि प्रत्येकाने बदलावंच असंही नाही. ज्यांचं काम फक्त विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे, त्यांनी मुदतवाढ मिळत असेल तर ती घ्यावी आणि शांतपणे पुढचा विचार करावा.

घरी गेल्यावर लगेच सिस्टिम बदलू नका. आज एवढंच करा: सगळ्यात जुनी मराठी फाईल शोधा, फोनवर पाठवा आणि वाचता येते का बघा. वाचता आली नाही, तर कामाची सुरुवात तिथून करा.