उजेड पायापुरता

बारामती-इंदापूर परिसरात रात्र ही केवळ विश्रांतीची वेळ नसते. निरा डाव्या कालव्याखालच्या उसाला पाण्याची पाळी आली, की मध्यरात्रीही दारे धरावी लागतात. शेतीपंपाची वीजही अनेकदा रात्रीच मिळते. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखान्यांकडे उसाची वाहने रात्रभर जात असतात. पेढीबरोबर शेतीही सांभाळणाऱ्या घरांत त्यामुळे एखादी प्रखर विजेरी असतेच. प्रश्न असतो तो तिच्या निवडीचा.

ग्राहकाची नजर प्रथम खोक्यावरील ल्युमेनच्या आकड्यावर जाते. ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. झोत किती दूर जाईल, हे कँडेलावरून कळते. १०,००० कँडेलाचा झोत २०० मीटर पोहोचतो असे म्हणतात, परंतु तेथे पडणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच असतो. अंतर दुप्पट हवे, तर कँडेला चौपट लागतात. शिवाय हजारो ल्युमेनचा कमाल उजेड काही मिनिटेच टिकतो; विजेरी तापते आणि आपोआप मंद होते.

बांधावरून चालणाऱ्याचे काम दूरच्या झोताने भागत नाही. मण्यार आणि घोणस हे विषारी साप रात्री बाहेर पडतात, आणि ते दिसावे लागतात दोन-चार पावलांवर. त्यासाठी दोन-तीनशे ल्युमेनचा, रुंद पसरणारा उजेड पुरेसा असतो. ईर्यासमितीत साधूंसाठी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. साधू रात्री विहार करीत नाहीत. गृहस्थाला मात्र रात्रीचे जाणे नेहमीच टाळता येत नाही. तेव्हा चार हातांचे ते माप त्याच्याही उपयोगी पडते. त्यात स्वतःचे रक्षण आहे आणि पायाखालच्या जीवांचेही. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर उजेडाकडे कीटक कमी ओढले जातात, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात घ्यावे.

प्रखर झोत समोरच्याच्या डोळ्यांवर कधीही टाकू नये. बैलगाडी हाकणारा किंवा दुचाकीस्वार क्षणभर आंधळा झाला, तरी अपघाताला तेवढे पुरते. कडबनवाडीच्या माळावरील चिंकारा व लांडगे, भिगवणच्या पाणथळीतील पक्षी यांच्यावरही केवळ हौसेपोटी झोत मारणे योग्य नव्हे.

खरेदी करताना मंद उजेडाची सोय, बटण कुलूपबंद करण्याची व्यवस्था आणि पाण्यापासूनचे संरक्षण पाहावे. आयपीएक्स-७ दर्जाची विजेरी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पिशवीत चुकून सुरू झालेली प्रखर विजेरी कापड जाळू शकते. लिथियमची बॅटरी उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये. फुगलेली किंवा आवरण फाटलेली तर तात्काळ बदलावी.

शेवटी, विजेरी किती दूरवर पोहोचते याचे कौतुक चार दिवसांचे. पुढचे पाऊल निर्धास्त पडले, तर तिचे मोल वसूल झाले.