ज्यूल व्हर्नच्या गाडीतले बऱ्हाणपूर

दिनांक २१ ऑक्टोबर १८७२. दुपारचे साडेबारा वाजले आहेत. आदल्या रात्री मुंबईहून निघालेली आगगाडी बऱ्हाणपूर स्टेशनात येऊन थांबते. गाडीत एक अबोल इंग्रज गृहस्थ आहेत, त्यांचा फ्रेंच नोकर आहे आणि वाटेत ओळख झालेले एक लष्करी अधिकारी आहेत. नोकर पायांनी उघडाच आहे. तो बऱ्हाणपुरात खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो आणि मोठ्या ऐटीत पायांत चढवतो. मंडळी घाईघाईने चार घास खातात, आणि तापीच्या काठाने थोडे अंतर कापून गाडी असीरगडाकडे निघून जाते.

ही हकिकत कोणत्याही गॅझेटियरात सापडायची नाही, कारण ती घडलेलीच नाही. ती आहे फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत. १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ती पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. ते अबोल गृहस्थ म्हणजे पैज मारून जगप्रवासाला निघालेले फिलिअस फॉग, आणि नोकर म्हणजे पासपार्तू. हा पठ्ठ्या मुंबईत मलबार हिलवरच्या देवळात जोड्यांसकट शिरला, पुजाऱ्यांचा मार खाल्ला आणि जोडे तिथेच टाकून अनवाणी स्टेशन गाठले. म्हणून त्या सपाता. पुढे तेच मुंबईचे जोडे कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून टेबलावर येतात!

व्हर्नने हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. नकाशे, प्रवासवर्णने आणि रेल्वेची वेळापत्रके यांवर त्याचे काम चाले. त्यामुळे आपल्या मंडळींना हसू यावे अशा चुका त्याच्या हातून झाल्या आहेत. खानदेशातले ओढे-नाले त्याने बहुतांशी गोदावरीला नेऊन मिळवले. गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांच्या काठी वाढलेल्या माणसाने काय म्हणावे? कापसाच्या शेजारी त्याने कॉफी, लवंगा, जायफळ आणि मिरीचे मळे उठवले. सातशे किलोमीटरहून लांब असलेल्या आपल्या तापीमाईला तर त्याने ‘छोटी नदी’ म्हणून निकालात काढले. मात्र ती सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते, हे त्याने बरोबर लिहिले आहे.

त्याची सर्वांत मोठी चूक मात्र फार सोयीची आहे. कादंबरीत पुढे रूळच संपतात. अलाहाबादपर्यंतचा पन्नास मैलांचा मार्ग अजून व्हायचा आहे, असे गार्ड सांगतो, आणि फॉगसाहेबांना दोन हजार पौंड मोजून हत्ती घ्यावा लागतो. वस्तुतः मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग मार्च १८७० मध्येच जबलपूरला जोडला गेला होता. म्हणजे खरा फॉग असता तर डब्यात बसून थेट अलाहाबादला पोचला असता. पण मग हत्ती नाही, जंगल नाही आणि सती जाण्यापासून वाचवलेली औदाही नाही. त्या पन्नास मैलांच्या खिंडारातूनच खरी गोष्ट आत शिरते.

अद्भुतकथेची सारी मौज इथेच आहे. तारीख, घड्याळ, तिकिटाचे दर ही सगळी तपशीलवार मांडामांड करायची आणि एकाच ठिकाणी रूळ काढून घ्यायचे. विज्ञानकथा असो, रहस्यकथा असो की भयकथा, युक्ती तीच. आपल्याकडे अशा वाङ्मयाला ‘करमणुकीची पुस्तके’ म्हणून खालच्या फळीवर ठेवण्याची रीत आहे. पण कोणत्याही जुन्या वाचनालयात जाऊन पाहा. शिवण उसवलेली, पाने निसटलेली आणि तरीही हातोहात फिरलेली पुस्तके याच फळीवर सापडतात. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, नारायण धारपांचे समर्थ यांच्यासाठी घराघरांत भांडणे झालेली आहेत.

व्हर्नला मराठी मुलांच्या हाती देणारे भा. रा. भागवत हे तर आपल्याच मुलखातले. त्यांचा जन्म १९१० साली इंदूरचा. व्हर्नच्या कथा मराठीत आणता आणता त्यांनी स्वतःचा ‘फास्टर फेणे’ही उभा केला. तो फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आणि सदा सायकलीवर. परक्या साहसकथेचे कलम त्यांनी आपल्या मातीत लावले ते असे.

महाराष्ट्राबाहेरच्या घरांना या वाङ्मयाचे महत्त्व जास्त आहे. आपल्या मुलांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत, बाजार हिंदीत, मित्र हिंदीत. मराठी उरते ती जेवणाच्या पाटावर आणि गणपतीच्या आरतीत. ‘मराठी टिकवा’ असा उपदेश करून मूल पुस्तक उघडत नाही. ‘पुढे काय झाले?’ या ओढीनेच ते उघडते. जयंत नारळीकरांचे बालपण बनारसला गेले. तरीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली ती मराठीत, आणि नाव घातले नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून! कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा लेखक लाभला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. पण गंगाकाठी वाढलेला मुलगा मराठीत कृष्णविवराची गोष्ट सांगू शकतो, ही साक्ष ते मागे ठेवून गेले.

मग तापीकाठी काय कमी आहे? जमिनीच्या पोटातून उताराने पाणी वाहून आणणारा, खानखानान रहीमच्या काळातला कुंडी भंडारा इथे आहे. १६३१ साली मुमताजमहल इथेच वारली आणि तिचा देह काही महिने नदीपलीकडे विसावला. असीरगडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजून पूजेला येतो, असे लोक सांगतात. ज्या गावच्या जरीच्या कापडाची तारीफ सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवली, त्याच गावात दुसऱ्या फ्रेंच माणसाने खोटे मोती विकायला बसवले. सच्च्या जरीचा माल आपल्या घरात पडून आहे, तो गोष्टीत विणायला हात हवेत.

ते हात आज दहा-बारा वर्षांचे असतील. तेव्हा या सुट्टीत आजी-आजोबांनी एवढे करावे: कपाटातले एखादे जीर्ण साहसपुस्तक काढावे, रात्री जेवणे आटोपल्यावर एक प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि अगदी ऐन प्रसंगावर पुस्तक मिटून दिवा मालवावा. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मुलाच्या उशाशी सापडले, तर समजावे की गाडी रुळावर आहे.