सॉरी कमी, तयारी जास्त

"आई, चल, जाऊ या घरी. मला नाही खेळायचं."

तिसऱ्याच होलला माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वय छत्तीस, ऑफिसात हाताखाली बारा माणसं, आणि इथे एका पांढऱ्या चेंडूपायी रडवेली झालेली. मागे चार पुरुष कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत उभे होते. आणि आम्ही चौघीजणी झुडपांत वाकून चेंडू शोधतोय, लग्नघरात कपाटाची किल्ली शोधावी तशा!

गोष्ट २०२३ च्या जूनमधली. मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. गोल्फ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बडे उद्योगपती आणि आर्मीतले साहेब. आपल्याकडे पुण्याला, नाशिकला, नागपूरला गोल्फची मैदानं आहेत, पण आपल्यासारखीचा पाय तिकडे कशाला लागतोय? अमेरिकेत मात्र काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या कारभाराची सार्वजनिक मैदानं असतात. वेळ ठरवायची, पैसे भरायचे आणि खेळायचं. २०२० साली करोनाच्या काळात उघड्यावरचा खेळ म्हणून तिथे नवशिक्यांची झुंबड उडाली, ती पुढेही ओसरली नाही. रविवारी सकाळी तर तिथे आपल्या एसटी स्टँडसारखी गर्दी!

आता लेकीने हे खूळ का घेतलं? तर तिच्या ऑफिसातले वरचे लोक उन्हाळ्यात एकत्र गोल्फ खेळतात. सोमवारी मीटिंगला बसावं तर निम्म्या गोष्टी मैदानावरच ठरून गेलेल्या. सप्टेंबरात कंपनीची गोल्फची सहल असते. दोन वर्षं हिने काहीबाही कारण सांगून ती टाळली. "आई, हरायची भीती नाही गं वाटत. माझ्यामुळे सगळे खोळंबतील याची वाटते."

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं. किती ओळखीचं आहे ना?

तो रविवार

खेळ तसा सोपा. मोठ्या हिरव्या मैदानात अठरा होल. 'टी' म्हणजे सुरुवातीची जागा. तिथून काठीने चेंडू मारत मारत 'ग्रीन' नावाच्या गुळगुळीत हिरवळीपर्यंत न्यायचा आणि तिथल्या साडेदहा-अकरा सेंटिमीटर रुंद भोकात घालायचा. कमीत कमी फटक्यांत जमलं तो जिंकला. प्रत्येक होलला किती फटके अपेक्षित, ते ठरलेलं असतं, त्याला 'पार' म्हणतात. चौघांचा एक गट, आणि दर आठ-दहा मिनिटांनी नवा गट सुटतो. म्हणजे एक गट रेंगाळला की मागचे सगळे अडकले. गिरणीत पहिल्या बाईच्या डब्यात सांडलवंड झाली की मागची अख्खी रांग थांबते, तसंच.

त्या दिवशी लेक, तिची गुजराती मैत्रीण, ऑफिसातली आणखी एक नवशिकी मुलगी आणि मैदानवाल्यांनी त्यांच्यात जोडून दिलेल्या सत्तरी ओलांडलेल्या एक अमेरिकन बाई असा गट होता. मी आपली बाईंच्या गाडीत शेजारी बसलेली, बघी म्हणून. माझं इंग्रजी मोडकं. पण दोन म्हाताऱ्यांना गप्पा मारायला भाषा थोडीच आडवी येते?

पहिल्या दोन होललाच घोळ झाला. आमच्या तिघी मुली एकमेकींना "तू मार आधी", "नाही, तू मार" करत राहायच्या. आपली पाळी आली की मग हातमोजा शोधायचा, मग काठी निवडायची, मग हवेत चार-चार वेळा फिरवून बघायची. फटका चुकला की "सॉरी, सॉरी!" ग्रीनवर सगळ्यांचं संपलं की तिथेच उभं राहून फटक्यांचा हिशेब. आणि तिसऱ्या होलला लेकीचा चेंडू झाडीत गेला.

शोधाशोध चालू असतानाच धप्पकन आवाज झाला. मागच्या चौघांपैकी एकाने मारलेला चेंडू गुजराती मुलीपासून पाच-सहा पावलांवर येऊन पडला. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर 'फोर!' असं जोरात ओरडायचं असतं. तेवढीही तसदी त्याने घेतली नव्हती. दगडासारखा टणक चेंडू तो, डोक्याला बसला असता म्हणजे?

तेवढ्यात मैदानावर देखरेख करणारे एक आजोबा गाडीतून आले. त्यांना मार्शल म्हणतात. त्यांनी अदबीनेच सांगितलं, तुमच्यापुढचा एक अख्खा होल रिकामा पडलाय. झालं! लेकीचा चेहरा पडला. 'जाऊ या घरी' तिथलं.

बाईंनी काय केलं

बाईंनी आधी मार्शलना तो चेंडू दाखवला आणि काय घडलं ते स्वच्छ सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एक शब्द गाळला नाही. मार्शल त्या चौघांकडे गेले. मग बाई मुलींकडे वळल्या. त्या म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की आपण हळू खेळलो ही आपली चूक, आणि त्याने अंगावर चेंडू मारला ही त्याची. एका चुकीने दुसरी पुसली जात नाही. त्याची आपण सांगितली, आता आपली निस्तरू.

चौथ्या होलच्या टीवर आम्ही सावलीत बाजूला उभ्या राहिलो आणि बाईंनी हाताने खूण करून त्या चौघांना पुढे जाऊ दिलं. मला राग आला हो! मनात म्हटलं, इथे अमेरिकेतही बायकांनीच बाजूला व्हायचं का? मी ते माझ्या इंग्रजीत कसंबसं विचारलंही. बाई हसल्या. त्यांनी पुढच्या मैदानाकडे बोट दाखवलं. पुढे जागा रिकामी असेल आणि मागचे खोळंबले असतील तर वाट द्यायची, मग मागे बाप्ये असोत, बायका असोत की पोरंटोरं. पुढेच गर्दी असेल तर कुणालाही वाट द्यायची गरज नाही, कारण देऊन उपयोगच नाही. मागच्याच आठवड्यात तीन तगड्या पुरुषांनी बाईंना अशीच वाट दिली होती. वाट दिली म्हणजे कुणी लहान होत नाही आणि घरी तर मुळीच जायचं नसतं.

ज्याने चेंडू मारला होता तो जाताना मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. बाईंनी ते मोठ्या मनाने 'सॉरी' धरून घेतलं.

आणि मग त्या लेकीला म्हणाल्या, "तीन होलमध्ये तू सतरा वेळा सॉरी म्हणालीस. मी मोजले. त्यालाही वेळ लागतो बरं का!"

लेक रडता रडता हसली. मला मात्र हसू येईना. ही सॉरीची सवय हिला अमेरिकेने लावलेली नाही. पाहुण्यांसमोर वाटी सांडली तर आधी माफी माग, जोरात बोलू नकोस, कुणाचा खोळंबा करू नकोस, हे सगळं मीच तिला शिकवलं होतं. पण आधीपासून तयार कसं राहायचं, आणि चुकलं तरी पुढे कसं जायचं, हे कुठे शिकवलं मी?

दहा सेकंदांचा हिशेब

बाईंनी गाडीत बसल्या बसल्या मला एक गणित घातलं. चौघी नवशिक्या, प्रत्येकीचे शंभर फटके, म्हणजे चारशे फटके. दर फटक्याला फक्त दहा सेकंद फुकट गेले तर? चार हजार सेकंद. म्हणजे तासाहून जास्त! वाईट फटक्याने खेळ हळू होत नाही, फटक्याआधीच्या घोळाने होतो. वीस फटके जास्त मारणारी बाई तयारीने खेळली तर कुणाला खोळंबवत नाही. आणि उत्तम खेळणारा पुरुष चेंडूभोवती तीन प्रदक्षिणा घालत बसला तर सगळ्यांना बसवून ठेवतो.

नियम करणाऱ्यांनाही हे कळलंय. २०१९ पासून नवे नियम आले. हरवलेला चेंडू शोधायला आधी पाच मिनिटं मिळायची, ती तीन झाली. आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस आली. कुणाला धोका नसेल तर जी तयार असेल तिने आधी मारावं, यालाही उत्तेजन दिलं गेलं. आणि रेंगाळणं हे काही नवशिक्यांचंच दुखणं नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला खेळाडूंच्या स्पर्धांत २०२५ पासून वेळेचा दंड कडक झाला. ठरलेल्या वेळेपेक्षा सेकंद किती जास्त घेतले, त्यावर दंड ठरतो. थोडक्यात चुकलं तर पैसे, जास्त चुकलं तर फटके वाढतात.

तेव्हा 'बायका हळू खेळतात' हे ऐकून घ्यायचं कारण नाही. तसं तर बायकांना या खेळात जागा मिळायलाच किती उशीर लागला! स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला बायकांचा क्लब १८६७ साली निघाला, तोही जवळून चेंडू भोकात ढकलण्यापुरता. तिथल्याच पुरुषांच्या जुन्या मानाच्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते थेट २०१४ साली. आणि आपली अदिती अशोक २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला चौथी आली, तेव्हा आपल्या घराघरांत लोक पहाटे उठून गोल्फ बघत बसले होते.

नवशिकीने लक्षात ठेवावं असं

बाईंनी सांगितलेलं मी लेकीच्या फ्रिजवर मराठीत लिहून लावलं होतं. ते असं:

• पहिले काही दिवस सराव-मैदानावर घालवा. नंतर नऊच होल खेळा, तेही संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर.
• पुढच्या, जवळच्या टीवरून सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही.
• दुसरी खेळत असतानाच आपली काठी ठरवा, मोजा घाला. हवेत एकदाच फिरवून बघा. मात्र कुणी मारत असताना हलू-बोलू नका.
• एक जादा चेंडू खिशात हवाच. चेंडू हरवला असं वाटलं तर शोधायला जाण्याआधीच 'तात्पुरता' म्हणून सांगून दुसरा मारून ठेवा.
• मित्रमंडळींच्या खेळात, पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचला आणि पुढे चला.
• गाडी पुढच्या टीच्या बाजूला लावा. हिशेब पुढच्या टीवर जाऊन लिहा.
• ग्रीनवर दुसरीच्या चेंडूच्या वाटेत पाय देऊ नका. चेंडूने पडलेला खळगा दुरुस्त करा, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर पडताना दाताळ्याने वाळू सारखी करा.
• मागे किती जण आहेत ते बघत बसू नका. पुढच्या गटाला धरून राहा.
• पुढची माणसं टप्प्याबाहेर गेल्याशिवाय चेंडू मारू नका. हा नियम सगळ्यांत मोठा, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

आणि मग

त्या दिवशी आम्ही घरी गेलो नाही. नवव्या होलला पोचतो तर काय, तेच चार पुरुष गाडीत बसलेले, पुढच्यांची वाट बघत! तो होल आखूड होता, तीन फटक्यांच्या पारचा. अशा होलला पुढचा गट ग्रीन सोडत नाही तोवर मागच्याला मारताच येत नाही. घाटातल्या एकेरी पुलासारखं. म्हणजे एवढी घाई करून त्यांनी काय मिळवलं? मुली एकमेकींकडे बघून हसल्या, पण बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. मग त्या स्वतःच त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायला गेल्या.

लेक पुढे दर आठवड्याला जात राहिली. सप्टेंबरात कंपनीच्या सहलीलाही गेली. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी आली ती उन्हाने लाल होऊन.

"काय गं, कसं झालं?"

"चार चेंडू तळ्यात गेले, आई." मग बूट काढता काढता म्हणाली, "पण माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. आणि सोमवारच्या मीटिंगला काय निघणार आहे, ते या वेळी मला आधीच माहितीये."

मी परत गावी आले. आमच्या शेजारची नवी सून सध्या स्कूटी शिकतेय. परवा बाजारपेठेत तिची गाडी बंद पडली, मागून रिक्षावाल्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. बिचारी घामाघूम होऊन सगळ्यांना सॉरी म्हणत होती. घरी येऊन म्हणाली, "काकू, मी नाही शिकत आता."

तिला म्हटलं, "अगं, गाडी डावीकडे घ्यायची, त्यांना जाऊ द्यायचं, आणि परत चालू करायची. परत घरी काय म्हणून यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून स्कूटीचा आवाज आला. हेल्मेटचा पट्टा तिने आधीच लावलेला होता.